जोखीम मास्तरची, कमाई दुसऱ्याची

चीनमध्ये इंग्रजी शिकवणारा एखादा परदेशी शिक्षक व्हिसाच्या भानगडीत अडकला, दंड झाला, काही दिवस कोठडीत बसला आणि मग मायदेशी धाडला गेला, असं कळलं की आपल्याकडे त्यावरची चर्चा दोन वाक्यांत संपते. एजंटानं फसवलं, हे एक. पोरानं घाई केली, कागद नीट बघितले नाहीत, हे दुसरं. मग सल्लाही ठरलेलाच असतो: चांगला एजंट गाठा आणि व्हिसा तपासून घ्या.

दोन्ही वाक्यांत थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच ती घातक आहेत. ती ऐकून समाधान होतं आणि विचार तिथेच थांबतो. माझं म्हणणं वेगळं आहे. चुकीच्या व्हिसावर शिकवणाऱ्याच्या डोक्यावर जी टांगती तलवार असते, तिच्याच जोरावर ती नोकरी चालते. पगार किती द्यायचा, किती तास राबवून घ्यायचं, कधी हाकलायचं, हे सगळं त्या भीतीतून ठरतं. जोखीम शिक्षकाच्या नावावर आणि तिच्यातून सुटणारा पैसा शाळेच्या व एजंटाच्या खिशात, अशी ही वाटणी आहे. ती घडवण्यात चीनच्या कायद्याचा जेवढा हात आहे, तेवढाच आपल्या कायद्याचा आणि आपल्या शिक्षणव्यवस्थेचाही आहे.

हा विषय वळसंगमध्ये बसून का मांडायचा, असं कुणी विचारेल. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, अक्कलकोट रस्त्यावरचं हे गाव. शांघायशी याचा काय संबंध? सोलापूर विद्यापीठाची पदवी, वर बी.एड., विषय इंग्रजी आणि हाताला कायमची नोकरी नाही, अशी मुलं-मुली या पट्ट्यात गावोगाव आहेत. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. वाट उघडली की प्रवाशाच्या आधी दलाल पोचतो. म्हणून हे आत्ताच बोलायला हवं.

कायदा काय म्हणतो

चीनचा परदेशी नागरिकांच्या प्रवेश-निर्गमनाचा कायदा जून २०१२ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै २०१३ पासून लागू आहे. त्यात संदिग्ध असं फार थोडं आहे. परदेशी माणसाला काम करायचं असेल तर दोन गोष्टी लागतात: कामाचा परवाना आणि कामासाठीचा निवास परवाना. कलम ४३ मध्ये बेकायदा नोकरी कशाला म्हणायचं हे तीन तऱ्हांनी सांगितलं आहे. परवाना नसताना काम करणं ही पहिली तऱ्हा. परवान्यात लिहिलेल्या कक्षेबाहेर काम करणं ही दुसरी. विद्यार्थी म्हणून आलेल्यानं ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे काम करणं ही तिसरी.

पहिली तऱ्हा सगळ्यांना माहीत असते. आपली माणसं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या तऱ्हेत सापडतात. एखाद्या ट्रेडिंग कंपनीच्या नावावर परवाना काढायचा, त्यावर ‘सेल्स मॅनेजर’ लिहायचं आणि माणसाला बालवाडीच्या वर्गात उभं करायचं, ही इंग्रजीच्या धंद्यातली जुनी चाल आहे. त्या माणसाकडे परवाना असतो, निवासाचा शिक्का असतो, त्याला वाटतं आपण कायदेशीर आहोत. वर्गात पाऊल टाकलं त्या क्षणी तो बेकायदा झालेला असतो. विद्यार्थ्यांचं तसंच. २०२० च्या आधी सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी चीनमध्ये होते, त्यातले बहुतेक एमबीबीएसचे, आणि महाराष्ट्रातल्या घरांनाही ही वाट चांगली ओळखीची आहे. घरून येणारा पैसा पुरत नाही म्हणून संध्याकाळी लहान मुलांना इंग्रजीची गाणी शिकवायला जाणारा विद्यार्थी स्वतःला गुन्हेगार समजत नाही. विद्यापीठाची परवानगी आणि पोलिसांची नोंद नसेल, तर कायदा त्याला तसंच समजतो.

शिक्षा कलम ८० मध्ये आहे. बेकायदा काम करणाऱ्याला ५ हजार ते २० हजार युआन दंड. प्रकरण गंभीर असेल तर त्याशिवाय ५ ते १५ दिवसांची कोठडी. त्यानंतर देशाबाहेर पाठवणी होऊ शकते आणि तसं झालं तर १ ते ५ वर्षं पुन्हा प्रवेश नाही. एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला असलेल्या मुलासाठी या शेवटच्या ओळीचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

मातृभाषा ठरते पासपोर्टावर

आता मूळ प्रश्न. एवढा स्पष्ट कायदा असताना चुकीच्या व्हिसाची गरज शाळांना पडतेच का? सरळ परवाना का काढत नाहीत?

उत्तर एका अटीत आहे. १ एप्रिल २०१७ पासून चीननं परदेशी कामगारांची अ, ब, क अशी वर्गवारी देशभर लागू केली. भाषा शिकवणारे साधारणपणे ‘ब’ वर्गात येतात. अट अशी की शिक्षकानं तत्त्वतः आपल्या मातृभाषेच्या देशातून यावं आणि तीच मातृभाषा शिकवावी. शिवाय पदवी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव हवा, शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी अथवा मान्य प्रमाणपत्र असेल तर अनुभवात सूट. इंग्रजीच्या बाबतीत मातृभाषेचे देश म्हणजे व्यवहारात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. फिलिपिन्सही नाही.

वळसंगच्या वर्गात क्षणभर डोकावून बघा. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी हिंदी, शेजारी तेलुगू, आणि २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी. या मुलाची मातृभाषा कोणती, हे त्याची आईसुद्धा एका शब्दात सांगणार नाही. चार भाषांतून वाट काढत इंग्रजीपर्यंत पोचलेला माणूस, परकी भाषा शिकताना पोराची जीभ नेमकी कुठे अडते हे चांगलं ओळखतो. चिनी मुलांना खरं तर असाच शिक्षक हवा. पण परवाना देणारं कार्यालय त्याची जीभ तपासत नाही, त्याच्या पासपोर्टाचं मुखपृष्ठ बघतं. इंग्रजीत चार पानं धड लिहू न शकणारा मँचेस्टरचा पदवीधर चालतो. इंग्रजी साहित्यात एम.ए., बी.एड. झालेली अक्कलकोटची मुलगी चालत नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. गणित, भौतिकशास्त्र, संगणक असे विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्या भारतीयाला ही अट लागू पडत नाही. त्याचा मार्ग वेगळा आणि कायदेशीर आहे. आंतरराष्ट्रीय शाळांत असे भारतीय शिक्षक आहेत. भिंत आहे ती फक्त भाषा शिकवणाऱ्यापुढे. एजंट मात्र दोघांना एकाच जाहिरातीत गुंडाळतो.

या अटीचा परिणाम साधा आहे. पात्र पासपोर्टवाले थोडे, महाग आणि मोठ्या शहरांत राहू पाहणारे. इंग्रजीची भूक मात्र तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या गावांपर्यंत. ही दरी भरायला उरलेलं जग येतं: भारतीय, फिलिपिनो, आफ्रिकी, पूर्व युरोपीय. शाळेला त्यांची गरज असते आणि परवाना त्यांना मिळत नाही. गरज आहे आणि हक्क नाही, अशी अवस्था मालकाला सगळ्यात सोयीची. स्वस्त मजूर तिथेच तयार होतो.

अकरावा मास्तर फुकट

बेकायदा शिक्षक ठेवणाऱ्या शाळेलाही शिक्षा आहेच की, असं म्हणता येईल. आहे. ती नीट वाचू.

त्याच कलम ८० नुसार बेकायदा नेमलेल्या प्रत्येक परदेशी माणसामागे मालकाला १० हजार युआन दंड, पण एकूण दंड १ लाखाच्या वर नाही. म्हणजे दहा शिक्षकांपर्यंत दंड वाढत जातो. अकराव्यापासून पुढचे दंडाच्या हिशेबात फुकट. बेकायदा मिळवलेली कमाई जप्त करण्याची तरतूद आहे हे खरं, परंतु ती कमाई किती हे ठरवायला हिशेब सापडावे लागतात. जुळवाजुळव करणाऱ्या मध्यस्थाला माणशी ५ हजार युआन. व्यक्ती असेल तर कमाल ५० हजार, संस्था असेल तर कमाल १ लाख. या दोघांपैकी कुणाचाही पासपोर्ट, भविष्य किंवा पदवी पणाला लागलेली नसते. त्यांच्यासाठी दंड हा धंद्याचा खर्च आहे आणि चाणाक्ष मालक तो आधीच किमतीत धरतो. कोठडी आणि पाठवणी या दोन गोष्टी खर्चात धरता येत नाहीत, आणि त्या फक्त शिक्षकाच्या वाट्याला येतात.

याहून गंभीर गोष्ट न्यायालयात आहे. कामाचा परवाना नसताना परदेशी माणसानं चिनी मालकाशी नोकरीचा करार केला आणि नंतर तो मालक-नोकर संबंध मान्य करा अशी मागणी केली, तर न्यायालयानं ती मान्य करू नये, असं चीनच्या सर्वोच्च लोकन्यायालयाचं स्पष्ट निवेदन आहे; १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या अर्थनिवेदनातही ते कायम आहे. मालक-नोकर संबंधच नाही म्हटल्यावर कामगार कायद्यातली नुकसानभरपाई नाही, नोटिशीचा पगार नाही, अपघाताचा हक्क नाही. तीन महिन्यांचा पगार थकला तर मागायचा कुणाकडे? पोलिसांकडे जाणं म्हणजे आधी स्वतःचा गुन्हा कबूल करणं. शाळेला हे माहीत असतं. एजंटालाही माहीत असतं. ज्याला माहीत नसतं तो वर्गात फळ्यापुढे उभा असतो.

‘पगार थकवला’ ही इथे वाईट मालकाची गोष्ट राहत नाही. थकवला तरी काही होणार नाही, अशी रचनाच असल्यावर चांगला मालकही कधीतरी थकवणार.

‘०००’ दिवसांचा व्हिसा

कामासाठीचा खरा व्हिसा ‘झेड’ वर्गाचा. त्याचा चिकटपट्टीसारखा कागद ज्यानं कधी हातात घेतला आहे, त्याला एक गोष्ट खटकलेली असते. ‘प्रत्येक मुक्कामाचे दिवस’ या रकान्यात ‘०००’ छापलेलं असतं. नवखा माणूस घाबरतो. त्याचा अर्थ असा की हा व्हिसा फक्त दार उघडतो. आत गेल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. हॉटेलाबाहेर मुक्काम असेल तर २४ तासांच्या आत पोलिसांत नोंद करायची, ते वेगळंच. पर्यटकाच्या ‘एल’ किंवा व्यापाराच्या ‘एम’ व्हिसावर मात्र ३०, ६० असे आकडे छापलेले दिसतात. बघणाऱ्याला तोच व्हिसा जास्त भरघोस वाटतो. ‘आत्ता एमवर ये, आम्ही तिथे बदलून देऊ’ हे एजंटाचं वाक्य या आकड्यांच्या आधारानं गळी उतरतं. नोकरीसाठी घ्यायचा तो शून्य-शून्य-शून्यवाला कागद. तो मिळवण्यासाठी मालकानं आधी चीनमधून परवान्याची सूचना काढून पाठवावी लागते. तुमच्या पदवीवर महाराष्ट्र शासनाचं, परराष्ट्र मंत्रालयाचं आणि चिनी वकिलातीचं साक्षांकन लागतं. चारित्र्याचा दाखला लागतो. हे काहीच न मागता जो तिकीट काढायला सांगतो, तो ‘झेड’ व्हिसा देणार नाही हे तिथेच उघड आहे.

पण झेड व्हिसा मिळाला म्हणजे सुटलो, हेही पूर्ण खरं नाही. परवाना मालकाच्या नावाशी जखडलेला असतो. नोकरी सोडायची तर मालकानं तसा दाखला द्यायचा आणि परवाना रद्द करायचा, मग नवा मालक नवा परवाना काढणार. दाखला रोखून धरला की माणूस अडकला. जुलै २०२१ मध्ये चीननं शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. नफ्यासाठी शिकवणी चालवायला बंदी झाली, परदेशात बसून ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांनाही मनाई झाली. एक अख्खा उद्योग काही महिन्यांत कोसळला. ‘न्यू ओरिएंटल’ या बड्या शिकवणी कंपनीच्या संस्थापकानं जानेवारी २०२२ मध्ये ६० हजार माणसं कमी केल्याचं स्वतः सांगितलं. त्या धंद्यातल्या सगळे कागद चोख असलेल्या परदेशी शिक्षकाचाही निवासाचा आधार नोकरीबरोबर गेला. कायदेशीर माणसाची ही गत, तर ज्याचं नाव कुठल्याच नोंदीत नाही त्याची काय? आणि मागणीचा पायाच आता खचतो आहे: २०१६ मध्ये चीनमध्ये सुमारे १ कोटी ७९ लाख मुलं जन्मली, २०२३ मध्ये सुमारे ९० लाख. बालवाड्या निम्म्या मुलांवर चालवायच्या असतील तर काटकसर कुणाच्या पगारापासून सुरू होईल?

दहावी पास झालात, आता तुमचं तुम्ही बघा

इथवर चीनचं झालं. आता आपल्या घरात बघू.

परदेशी नोकरीला जाणाऱ्या भारतीयांचं रक्षण करण्यासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. त्याखाली ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ नावाची यंत्रणा आहे, करार तपासला जातो, विमा सक्तीचा आहे. पण ही परवानगी लागते ती ठरावीक १८ देशांसाठी, आणि ज्याच्या पासपोर्टावर ती लागते असा शेरा आहे त्यालाच. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टावर तो शेरा नसतो. चीन त्या १८ देशांत नाही. म्हणजे बी.एड. झालेला मास्तर दोन्ही दारांतून बाहेर. सौदीला गवंडीकामाला जाणाऱ्याचा करार कुणीतरी अधिकारी निदान डोळ्यांखालून घालतो. चीनला शिकवायला जाणाऱ्याचा करार त्याच्याशिवाय कुणी वाचत नाही. त्यामागचं गृहीतक असं की शिकलेला माणूस स्वतःचं हित स्वतः बघेल. चिनी भाषेतला करार, चिनी न्यायालय, चिनी पोलीस ठाणं यांच्यापुढे आपली दहावी काय कामाची? तिथे तो गवंड्याइतकाच निरक्षर असतो.

दलालावर तरी वचक आहे का? नोंदणीशिवाय परदेशी नोकरीची भरती करणं गुन्हा आहे. नोंदणीकृत एजंटानं उमेदवाराकडून घ्यायची फी ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, इतकी मर्यादित आहे. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची नावं बघता येतात. पण शिक्षक नेणारा माणूस स्वतःला भरती एजंट म्हणवतच नाही. तो ‘कन्सल्टन्सी’ असतो, ‘टीईएफएल कोर्स आणि प्लेसमेंट’ असतो, ‘कल्चरल एक्स्चेंज’ असतो. पैसे कोर्सचे घेतो, नोकरी ‘मदत’ म्हणून लावून देतो. आणि पकडला गेलाच तर मूळ कायद्यात शिक्षा कमाल दोन वर्षं कैद आणि दंड कमाल २ हजार रुपये. १९८३ चे दोन हजार. आज एका उमेदवाराच्या ‘प्रोसेसिंग फी’च्या कोपऱ्यातही तेवढी रक्कम सापडेल.

याचं टोक काय असू शकतं ते मार्च २०२५ मध्ये दिसलं. चांगल्या नोकरीच्या आमिषानं नेऊन म्यानमारच्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांत राबवलेल्या भारतीयांपैकी ५४९ जणांना दोन दिवसांत थायलंडमार्गे विमानानं परत आणावं लागलं. इंग्रजी शिकवणं आणि सायबर गुन्हा यांची मी बरोबरी करत नाही. पण सुरुवातीची पायरी एकच आहे: नोंदणी नसलेला मध्यस्थ, ‘व्हिसाचं तिथे बघू’ हा दिलासा, आणि करार वाचणारं कुणीच नाही.

इथला मास्तर तरी कुठे कागदावर आहे?

‘मग जातातच कशाला?’ हा प्रश्न फार सहज विचारला जातो. उत्तर आपल्या शाळांत आहे, आणि मला ते सगळ्यात जास्त बोचतं.

महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षं मानधनावर शिकवायचं, मग कायम. मानधन वर्षानुवर्षं सहा-आठ-नऊ हजारांच्या घरात राहिलं. २०२३ मध्ये ते प्राथमिकला १६, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं. ही झाली ज्याला नेमणूक मिळाली त्याची गोष्ट. विनाअनुदानित शाळेत आज ना उद्या अनुदान येईल म्हणून फुकटात शिकवत वय घालवलेले मास्तर या जिल्ह्यात कुणाला माहीत नाहीत? हजेरीपटावर सही नाही, वैयक्तिक मान्यतेची फाईल शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर, आणि नेमणुकीसाठी ‘संस्थेला मदत’ म्हणून दिलेले लाख बुडीत. त्यालाही तक्रार करता येत नाही, कारण तक्रारीआधी पैसे दिल्याचं कबूल करावं लागतं. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचा, म्हणजे सरकारी पगारासाठी लागणाऱ्या शिक्षक-क्रमांकाचा, घोटाळा उघडकीला आला, तेव्हा मान्यता विकता येते हे सगळ्या राज्याला दिसलं.

चुकीच्या व्हिसावर चीनमध्ये शिकवणारा आणि मान्यतेविना इथे शिकवणारा, दोघंही एकाच अवस्थेत आहेत. काम खरं, विद्यार्थी खरे, फळ्यावर लिहिलेलं खरं. फक्त कागदावर माणूस नाही. कागदावर नसणं हेच त्याला स्वस्त करतं. ज्यानं इथे पाच वर्षं अशी काढली, त्याला तिथली जोखीम नवी वाटत नाही. उलट तिथे निदान महिन्याला काही हातात पडतं. म्हणून ‘हावरेपणा’ हा शब्द मला खपत नाही. अनिश्चिततेची सवय आपण त्याला इथेच लावली आणि तिचा फायदा दुसऱ्या देशातल्या शाळेनं घेतला.

आक्षेप

पहिला आक्षेप: चीन सार्वभौम देश आहे, कुणाला येऊ द्यायचं हे तो ठरवणार. मान्य. मी चीनच्या अधिकाराला आव्हान देत नाही. परंतु ज्या नियमामुळे बेकायदा मागणी जन्मते आणि शिक्षा मात्र सगळ्यात दुबळ्याच्या वाट्याला येते, तो नियम अन्यायाचा आहे, हे म्हणायला सार्वभौमत्व आड येत नाही. कामगाराला मालकाशी जखडणाऱ्या, आखाती देशांतल्या कफाला पद्धतीबद्दल आपण बोलतोच.

दुसरा आक्षेप: शेकडो जण गेले, शिकवलं, पैसे कमावून आले, काही झालं नाही. हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, कारण तो खरा आहे. माझा सगळा युक्तिवादही त्याच्यावरच टिकून आहे. रोज धाड पडली असती तर कुणी गेलंच नसतं आणि शाळांनी नेमलंच नसतं. कधीतरीच पडणारी धाड दोन कामं करते: धंदा बंद पडू देत नाही आणि शिक्षकाला निर्धास्तही होऊ देत नाही. जे सुखरूप परतले त्यांनीही त्या भीतीची किंमत मोजलीच: पगार वाढवून मागितला नाही, जादा तास नाकारले नाहीत, आजारी असताना रजा घेतली नाही. ती किंमत कुठल्या दंडाच्या पावतीवर दिसत नाही, एवढंच.

तिसरा आक्षेप: जाणारे जाणूनबुजून जातात. काही जातात. पण पूर्ण माहितीनं घेतलेला निर्णय आणि दुसरी वाट नाही म्हणून घेतलेला निर्णय यांत फरक करायचाच नसेल, तर मग जगातला कुठलाच मजूर पिळवणुकीची तक्रार करू शकणार नाही.

आणि चौथा: अशी किती माणसं असतील? कदाचित थोडी. आखाताच्या तुलनेत तर नक्कीच थोडी. थोडी असल्यामुळेच त्यांच्यासाठी कुणी बोलत नाही, त्यांची संघटना नाही, आमदार-खासदारांना त्यांची मतं मोजावी लागत नाहीत.

कोटणीस एकटे गेले नव्हते

सोलापुरात चीनचं नाव निघालं की द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतंच, आणि निघायलाच हवं. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून वैद्यकीय शाळेत चिनी विद्यार्थ्यांना शिकवलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेला. चीनमध्ये शिकवलेला सोलापूरकर म्हणून त्यांच्याइतका मोठा माणूस दुसरा नाही. पण ‘आपलं चीनशी नातं आहे’ एवढंच म्हणून थांबलो तर त्या कथेतला महत्त्वाचा भाग सुटतो. कोटणीस एकटे गेले नव्हते. चीनकडून मागणी आली, नेहरूंनी ती उचलून धरली, सुभाषबाबू अध्यक्ष असताना काँग्रेसनं वर्गणी जमवून पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोलकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. कोण बोलावतंय, कोण पाठवतंय, काय काम करायचं, हे जाण्याआधी दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. गुलामीतल्या देशाला हे जमलं होतं.

आज हे काम फिलिपिन्स करतो. परदेशी जाणाऱ्या आपल्या माणसाचा करार तिथल्या आपल्या अधिकाऱ्यांकडून तपासून घेण्याची त्याची पद्धत जुनी आहे, आणि तिला शिक्षणाची अट नाही. डॉक्टरचाही करार तपासतात, मोलकरणीचाही. २०२१ च्या कायद्यानं त्यानं स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खातं उभं केलं. एप्रिल २०१८ मध्ये फिलिपिनो इंग्रजी शिक्षकांना घेण्याबद्दल त्यानं चीनशी करारही केला. मातृभाषेच्या अटीची भिंत एकट्या उमेदवारानं चोरवाटेनं ओलांडायची नसते, सरकारनं समोरासमोर बसून तिच्यात दार पाडून घ्यायचं असतं, हे त्यांना उमगलं.

मागण्या

दहावीची रेघ पुसा. परदेशी नोकरीला जाणाऱ्या कुणाचाही करार, त्यानं मागितलं तर, सरकारनं तपासून द्यावा. पासपोर्टावर शेरा असो-नसो, देश १८ पैकी असो-नसो. जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्र आहेच. तिथे एका टेबलावर एवढीच सोय हवी: आलेल्या पत्रावर मालकाचं नाव काय, पद कुठलं लिहिलंय, व्हिसाचं अक्षर कोणतं, मध्यस्थ नोंदणीकृत आहे का, एवढं वाचून सांगणारा माणूस. वळसंगच्या मुलानं त्यासाठी मुंबईला का जावं?

दोन हजारांचा दंड उमेदवाराकडून उकळलेल्या रकमेच्या पटीत करा, आणि ‘कोर्स’च्या नावाखाली परदेशी नोकरी लावणाऱ्यालाही भरती एजंटच समजा. चीनशी बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत. त्यांत सीमा आणि व्यापार यांच्याबरोबर शिक्षकांच्या परवान्याचाही विषय घ्या.

आणि जे आज तिथे आहेत त्यांच्यासाठी, कारण कायदे बदलेपर्यंत ते थांबू शकत नाहीत. पासपोर्ट शाळेनं ठेवून घेतला असेल तर परत मागा. १९६७ च्या कायद्यानं तो भारत सरकारच्या मालकीचा आहे, कुठल्या मालकाच्या कपाटात ठेवायचा नाही. व्हिसाची मुदत उलटू देऊ नका. उलटली की दिवसाला ५०० युआन, कमाल १० हजार, किंवा कोठडी. बीजिंगची आपली वकिलात, शांघाय आणि ग्वांगझूचे वाणिज्य दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ संकेतस्थळ ही तुमचीच आहेत. तिथे गेलात म्हणून तुम्हाला चिनी पोलिसांकडे सोपवायचं त्यांचं काम नाही. बहुतेक जण मुदत संपूनही तिथे थांबतात ते शाळेच्या धाकानं कमी आणि घरच्या धास्तीनं जास्त: एजंटाला दिलेले पैसे, विकलेलं किंवा गहाण पडलेलं काहीतरी, भावकीत झालेला गाजावाजा. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी अशी तिकडे असेल, त्या घरानं आज रात्रीच फोन करून सांगावं, पैशाचं आपण बघू, तू मुदतीच्या आत निघून ये.